ट्राउट तळ्यात, सॅमन नदीत

मार्चमधल्या पहिल्या शनिवारी पोंतकेरविनमध्ये कोणी मरू नये, असं गेथिन हॉवेल्स उघड म्हणायचा. गावात प्रेतपेट्या बनवणारा आणि माणसं पुरणारा तो एकटाच, आणि त्या दिवशी तो दुकानाला कुलूप लावून पुलाखालच्या डोहावर गळ टाकून बसलेला असायचा. मासेमारी मंडळाचा अध्यक्षही तोच. आदल्या आठवड्यात मासे पाळणाऱ्या मत्स्यशाळेची टाकीवाली लॉरी पुलावर येऊन उभी राही, जाड नळीतून हातभर लांबीचे ट्राउट धबाधबा केरविन नदीत पडत, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ते धरायला निम्मं गाव काठावर दाटीवाटीने उभं असे. दुपारी चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये सगळ्यांची पंगत. मासे ओटच्या पिठात घोळवून बेकनच्या चरबीत तळायचे. ते साफ करून द्यायचं काम वर्षानुवर्षं तेगवेन प्रॉसरकडे असे.

तेगवेनने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला होता. आवाज खणखणीत, हात झपझप चालणारा. गळाचा नाद तिला बापाकडून लागलेला, आणि तोही सॅमनचा. बापाच्या काळी शरद ऋतूत समुद्रातून अंडी घालायला परतणारे सॅमन बंधाऱ्यावरून उड्या मारताना बघायला शाळा लवकर सुटायची. आता अख्खा हंगाम जाऊन एखादा दिसला तर दिसला.

त्या वर्षी सगळ्यात मोठा ट्राउट गेथिननेच धरला. वाजतगाजत हॉलमध्ये येऊन त्याने तो तेगवेनच्या ओट्यावर आपटला.

"घे. महाराज आलेत, नीट बडदास्त ठेव."

"महाराजांचे पंख बघ आधी," तेगवेन म्हणाली. "सिमेंटच्या टाकीत घासून पार चिंध्या झाल्यात."

तिने पोटावर सुरी चालवली. आतली पिशवी टम्म फुगलेली होती. ती कापली तसे बोटाएवढे मासे एकामागून एक ओट्यावर घरंगळले, अजून न विरघळलेले. प्रत्येकाच्या अंगावर काळपट डागांची रांग, कोणी काजळीच्या बोटांनी चिमटीत धरल्यासारखी. हे डाग काय आहेत ते पोंतकेरविनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सॅमनची पिल्लं होती ती. आणखी वर्षभराने समुद्राकडे निघाली असती.

तेगवेनने ती एका बशीत मांडली आणि बशी गेथिनच्या नाकासमोर धरली.

"म्हणजे भरल्या पोटी गेला बिचारा," गेथिन म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकांत एवढं भाग्य फार थोड्यांचं असतं."

हॉल खदखदून हसला. तेगवेन हसली नाही. तिने उरलेल्या माशांची पोटं एकेक करून नीट तपासली. बहुतेकांत काटक्या आणि खडे निघाले, एकात सिगारेटचं थोटूक. पिल्लं पुन्हा सापडली ती एकदोघांतच. पण ती बशी काही तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

रविवारी तिची भाची मेरेरिद चहाला आली. भावाची मुलगी, नद्यांमधले मासे मोजायची तिची नोकरी. पाव कापता कापता तेगवेनने विचारलं, "हे पाळलेले ट्राउट पिल्लं खातात की नाही, एकदा सांग बाई."

"काही खातात, आत्या. बहुतेकांना शिकार जमतच नाही. टाकीत गोळ्या खायची सवय, त्यामुळे गोळीसारखं दिसेल ते गिळतात. पण खात नाहीत म्हणजे त्रास देत नाहीत असं थोडंच आहे? तुझ्या शाळेच्या जेवणघरात रग्बीचा अख्खा संघ येऊन बसला, एका ताटाला हात लावला नाही, तरी पहिलीतल्या पोरांना बसायला जागा मिळेल का?"

"पोरं दारात रडत उभी राहतील."

"अगदी तेच होतं नदीत. रेतीतून नुकतं वर आलेलं पिल्लू पापणीच्या केसाएवढं. त्याला काठचं संथ पाणी लागतं. नेमकं त्याच दिवसांत तिथे धटिंगण येऊन उभे राहतात, वर माणसांचे बूट. मग ती मधल्या ओढीत ढकलली जातात. खाणं कमी, दमणूक जास्त." मेरेरिद थांबली. "पण आपल्या नदीत यानेच नुकसान होतंय असं छातीठोक मी नाही सांगणार. काही नद्यांत फारसा फरक पडला नाही म्हणतात. पिल्लं दर वर्षी घटतायत एवढं मोजणीत दिसतं. खरं कळायला हवं असेल तर लॉरी थांबवून बघावी लागेल."

खिडकीशी चाकांच्या खुर्चीत एमरिस, तेगवेनचा नवरा, बसला होता. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती. बोलणं अर्ध्या तोंडातून यायचं, पण जे यायचं ते धार लावून.

"आणि मी?" तो म्हणाला. "मी काय या खिडकीतून गळ टाकू?"

एमरिसला तोल सांभाळून बसता येईल अशी नदीवर एकच जागा होती, पुलाखालचा डोह. आणि तिथे गळाला लागायचे ते लॉरीचेच ट्राउट. डाव्या हाताने मासा ओढताना त्याच्या चेहऱ्याची पडलेली बाजूसुद्धा हसल्यासारखी दिसायची.

तरीही एप्रिलमध्ये मंडळाच्या सभेत तिने ठराव मांडला. तीन वर्षं केरविनमध्ये एकही ट्राउट सोडायचा नाही. तिने त्या बशीची गोष्ट सांगितली, मेरेरिदचं म्हणणं सांगितलं, बापाच्या काळचे सॅमन सांगितले.

गेथिन उठला. "एका माशाच्या पोटावरून तू अख्खी नदी बंद करायला निघालीस, तेगवेन. तुला धडधाकट पाय आहेत, तू वर डोंगरापर्यंत चालत जाऊन रानटी मासा धरशील. इथे बसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी काय करायचं? त्यांचा वर्षातला एवढा एक आनंद. तो गेला की ते सरळ माझ्याच दुकानात येणार. माझा धंदा वाढेल, पण मला नको तो."

मग खुर्चीतून एमरिसने डावा हात वर केला.

"मी," तो एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला, "बायकोच्या विरुद्ध. मत देतो. देव मला. वाचवो."

हॉलभर हशा आणि टाळ्या झाल्या, आणि ठराव साफ आपटला.

घरी जाताना ती खुर्ची ढकलत होती. चढावर एमरिस म्हणाला, "ढकलतेयस, की फेकतेयस?"

"अजून ठरवलं नाही."

रात्री सूप ढवळताना तिच्या मनात तेच घोळत होतं. तो खोटं बोलला असता तर तिने त्याला कच्चा खाल्ला असता. पण त्याचं खरं होतं, आणि तेच तिला सलत होतं. पिल्लांना जागा करून द्यायची तर या माणसाला काठावरून उठवायचं, हा कुठला न्याय? दोन दिवस ती धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता एकदम थांबली आणि म्हणाली, "ट्राउट नदीतच कशाला हवेत?"

गावाच्या वर पांटग्लास नावाचं शेत आहे. तिथे पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे, आजोबांच्या काळात बंद पडलेली, पाण्याने काठोकाठ भरलेली. पाणी खोल, थंडगार, आणि त्यातून नदीकडे जाणारा ओहोळही नाही. पूर्वी दगडाच्या गाड्या जिथून जायच्या तो काठ सपाट, फरशीसारखा.

अडचण एकच होती. खाणीचा मालक हवेल. आमच्याकडे माणसाला शेताच्या नावाने ओळखतात, तसा तो हवेल पांटग्लास. त्याच्यासारखा अडेलतट्टू दुसरा झाला नाही. आणि गेथिनशी तर त्याचं उभं वैर. हवेलच्या आईला न्यायला गेथिनची शववाहिनी गेली होती तेव्हा ती फाटकात अडकली. चॅपेलमध्ये पाद्री खोळंबलेला, पाऊस कोसळतोय. गेथिनने मागचापुढचा विचार न करता फाटकाचा दगडी खांब पहारीने पाडला आणि गाडी काढली. म्हातारी वेळेवर पोचली, पण हवेल त्यानंतर गेथिनशी एक शब्द बोलला नव्हता.

तेगवेन केक घेऊन गेली. हवेलने केक घेतला, तिला दारातच उभं ठेवलं.

"तळं हवंय म्हणतेस. मासे सोडायला."

"हो, हवेलकाका. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसायला. एमरिसला."

"एमरिस येऊ दे. सगळे येऊ देत. तो पेटीवाला माझ्या जमिनीवर पाय ठेवणार नाही."

"तो अध्यक्ष आहे हो!"

"मग त्याने माझा खांब उभा करावा. स्वतःच्या हातांनी. गडी लावून नाही." आणि दार लागलं.

तेगवेन गेथिनकडे गेलीच नाही. त्या माणसाला तिच्या तोंडून हे ऐकवणं म्हणजे आगीत तेल. तिने एमरिसला गाडीत घातलं, खुर्ची मागे टाकली आणि थेट खाणीवर नेलं. सपाट काठावरून खुर्ची आपसूक चालली. वाऱ्याला आडोसा होता, ऊन उजव्या अंगावर येत होतं, पाणी पायाशी.

"इथे मला ढकलून दिलंस," तो म्हणाला, "तर कुणाला कळायचंही नाही."

"म्हणून तर निवडली जागा."

तो हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पुलाखाली. मला रोज भीती वाटायची. घसरायची. तुला कधी बोललो नाही." आणि थोड्या वेळाने, "गेथिनला घरी बोलाव."

गेथिन आणि एमरिस पहिलीपासूनचे दोस्त. गेथिन आला, ऐकलं, आणि लालबुंद झाला. "त्या खवीस म्हाताऱ्याचा खांब मी उभा करू? त्याच्या आईला वेळेवर पोचवली त्याची ही शिक्षा?"

"सभेत काय म्हणालास?" एमरिसने विचारलं. "म्हाताऱ्यांचा आनंद. माझ्या नावाने बोललास. आता मी सांगतो. मला तिथे बसायचंय."

गेथिनने तेगवेनकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण तीन वर्षंच, तेगवेन. तीन वर्षांत पिल्लं वाढली नाहीत, तर लॉरी पुलावर परत येईल, आणि नळी तू तुझ्या हातांनी धरायचीस."

"धरीन."

खांब उभा करायला गेथिनला दोन शनिवार लागले. पहिल्या शनिवारी हवेल भिंतीवर बसून नुसता बघत होता आणि "डावीकडे झुकलाय" एवढंच म्हणत होता. दुसऱ्या शनिवारी त्याने चहा आणला, एकच कप, आणि अर्धा पिऊन उरलेला गेथिनपुढे धरला. गेथिन तो प्यायला. गावात ही बातमी लॉरीपेक्षा मोठी ठरली. पुढच्या सभेत तेगवेनचा ठराव चार हातांच्या फरकाने मंजूर झाला, त्यातला एक डावा.

पुढच्या मार्चमध्ये टाकीवाली लॉरी पुलावर न थांबता नव्या खांबाशेजारून वर खाणीकडे गेली. एमरिसने पहिल्याच दिवशी एवढे मासे धरले की बाकीचे त्याच्या खुर्चीच्या आसपास जागेसाठी भांडू लागले. खाली नदी मात्र मोकळी होती. पुलावर उभं राहून लोक रिकाम्या डोहाकडे बघत आणि मान हलवत.

पहिल्या सप्टेंबरात मेरेरिदची माणसं मोजणीला आली. पाठीवर बॅटरी, हातात लांब कांडी. ती पाण्यात धरली की आसपासचे मासे विजेच्या हलक्या झटक्याने क्षणभर गुंगतात, जाळीने उचलायचे, बादलीत ठेवायचे, मोजून परत सोडायचे. आकडा होता तसाच निघाला.

"नदी उपाशी ठेवली, नदीने आपल्याला उपाशी ठेवलं," गेथिन भर बाजारात म्हणाला.

दुसऱ्या वर्षी थोडी वाढ दिसली. "एवढी तर माझ्या टकलावरसुद्धा होते," गेथिन म्हणाला. तेगवेन हसून सोडून देई, पण एकटी नदीकाठी जाऊन वाकून वाकून पाण्यात बघे. संथ पाण्यात काही हललं की ती गुडघ्यांवर बसून निरखे. बहुतेक वेळा ते पान असे.

तिसऱ्या सप्टेंबरात मोजणीच्या दिवशी गेथिन कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून हजर. "बादली मी धरणार," त्याने जाहीर केलं. "आत्या आणि भाची, दोघी एका घरातल्या. माझा विश्वास नाही."

"धर की. जड होईल हं," तेगवेन म्हणाली. म्हणाली खरी, पण जाळीची गाठ तिने तीनदा तपासली.

पुलाच्या वरच्या वळणावर, रेतीच्या उथळ पट्ट्यात सुरुवात झाली. मेरेरिदने कांडी पाण्यात घातली. तेगवेनने जाळी खाली लावली आणि उचलली. जाळीत चार पिल्लं वळवळत होती. अंगावर बोटांचे काळे ठसे.

"चार," गेथिन म्हणाला. "बरी आहेत."

पुन्हा कांडी, पुन्हा जाळी. मग पुन्हा. तेगवेनला मान वर करायलाही सवड मिळेना. दगडामागून, मुळांखालून, काठच्या गवताच्या सावलीतून पिल्लं वर येतच होती, या वर्षीची चिमुकली आणि गेल्या वर्षीची बोटाएवढी. गेथिनचं मोजणं आधी मोठ्याने चालू होतं, मग पुटपुटत, मग बंदच पडलं. बादली काळी झाली होती, सजीव, उकळत्या पाण्यासारखी.

"दुसरी बादली आणा!" तो एकदम ओरडला. "अरे, कोण आहे तिकडे? बादली! गुदमरतील ती!"

दुसरी आली, मग तिसरी. पट्टा अजून निम्माही झाला नव्हता.

मेरेरिदने कागदावरून नजर वर केली. "आत्या, इतकी पिल्लं केरविनमध्ये मी नोकरीला लागल्यापासून पाहिली नाहीत."

"पाऊसपाणी चांगलं झालं असेल," गेथिन म्हणाला, पण ते भांडायला नव्हे. त्याला कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं.

"शेजारच्या खोऱ्यात तोच पाऊस आणि तीच थंडी, गेथिनकाका. तिथे लॉरी अजून नदीत रिकामी होते. तिथला आकडा आम्ही सोमवारी घेतला. हलला नाहीये."

गेथिन बादली धरून पाण्यात उभा राहिला. मग त्या जाडजूड म्हाताऱ्याने काय करावं? काठावर चढला, बादली पोटाशी धरली, आणि पुलाच्या दिशेने धावत सुटला. रबरी बुटांचा फटक फटक आवाज, बादलीतलं पाणी उडतंय, आणि तोंडाने एकच घोष: "एमरिस! अरे एमरिस! बघ काय आणलंय!"

पुलाच्या कठड्याशी एमरिस खुर्चीत बसला होता. गेथिनने बादली त्याच्या मांडीवर टेकवली. एमरिसने आधी डावा हात घातला. मग डाव्या हाताने उजवा उचलून तोही पाण्यात सोडला. पिल्लं त्याच्या न हलणाऱ्या बोटांमधून सुळसुळत राहिली.

"कळतंय," तो म्हणाला. "उजव्यालाही. थोडंसं. कळतंय."

गेथिनने नाक शिंकरलं, तोंड फिरवलं, आणि मागून धापा टाकत आलेल्या तेगवेनकडे वळला.

"तुझी नळी धरायची हौस राहून गेली," तो म्हणाला. "हरलो मी. आता हा हरलेला माणूस सगळ्यांना हॉटेलात बीअर पाजणार आहे, आणि कोणी नाही म्हणालं तर त्याचं माप घेईन."

"आधी पिल्लं सोड पाण्यात," तेगवेन म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. ती हसत होती आणि रडत होती, आणि पुलावर जमलेले लोक टाळ्या वाजवत होते.

त्या हिवाळ्यात मंडळाने लॉरी कायमची नदीपासून दूर ठेवायचं ठरवलं. विरोधात एकच हात वर गेला, हवेल पांटग्लासचा. कारण विचारलं तर म्हणाला, एकमत झालेलं त्याला आवडत नाही.

आणि मग मे उजाडला. त्यातल्या मोठ्या पिल्लांच्या अंगावरचे डाग पुसले गेले, त्यांना चांदीसारखी झळाळी आली, आणि पावसाने नदी जराशी चढली त्या संध्याकाळी ती समुद्राकडे निघाली. हे दर वर्षीच होतं, पण इतकी थोडी जायची की कोणाच्या लक्षातही येत नसे. या वेळी सगळ्यात आधी तेगवेनला दिसली. बंधाऱ्यावरून पाण्याची चादर खाली वाकत होती, आणि त्या चादरीत चांदीचे तुकडे लकाकत होते. एक थवा, मागून दुसरा, मग तर खंडच पडेना. तिची हाक ऐकून लोक घराघरांतून जेवण टाकून बाहेर आले, कोणाच्या हातात काटा, कोणाच्या गळ्यात रुमाल.

"गेली," पुलावर तिच्याशेजारी खुर्चीत बसलेला एमरिस म्हणाला. "पुलाखालून गेली. तेगवेन, खालच्या पुलावर. परत दिसतील. चल!"

"तिथपर्यंत? खुर्ची घेऊन?"

"उतार आहे. पळ!"

तेगवेनने खुर्ची वळवली आणि नदीकाठच्या रस्त्याने जी धूम ठोकली, ती शाळेत असल्यापासून ठोकली नव्हती. खुर्ची खडखडत होती, एमरिस डाव्या हाताने टोपी धरून ओरडत होता, "आणखी जोरात!" आणि मागून गेथिन, "थांबा, अरे थांबा, माझी पेटी कोण बनवणार," असं बोंबलत धावत होता, त्याच्यामागे निम्मं गाव. डाव्या हाताला, झाडांच्या फटींतून, नदी त्यांच्या बरोबरीने पळत होती, आणि तिच्यात चांदी.

खालच्या पुलावर ते पोचले तेव्हा पहिला थवा नुकताच वळणावर येत होता.

"जिंकलो!" एमरिस ओरडला.